माझ्याविरुद्ध लिहा

चहा घ्या आधी, मग सांगतो. कारण एकदा सांगायला लागलो की तुम्ही हसत सुटणार आणि बशीतला चहा माझ्या सतरंजीवर सांडणार, हा अनुभव आहे. हसा, माझी काही हरकत नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. पण धोंडा पाडायला चहा-नाष्ट्यासकट आख्खी कंपनी बोलावणारा मी एकटाच असेन!

आमची कंपनी डाळीची. मिल आणि हेड ऑफिस लातूरला, मोठा डेपो नांदेडला. मी नांदेडला एचआर. एचआर म्हणजे काय, तर हजेरी, रजा, वाढदिवसाचे केक, योगदिनाच्या चटया आणि कुणाचं कुणाशी भांडण झालं तर मध्ये बसणं. ज्या कामाला मालक नाही ते काम माझं.

घर मात्र लातूरला. बायको तिथं, पोरगी तिथं, पोरगी बारावीला आणि क्लासच्या चक्रात अडकलेली. मी नांदेडला एका खोलीत, खानावळीच्या डब्यावर. शनिवारी लाल गाडीनं लोहा, अहमदपूर करत लातूर गाठायचं, सोमवारी पहाटे पुन्हा उलटं. खोटं कशाला बोलू, बेजार झालो होतो. मागे एकदा दार वाजवलं तर पोरीनं दार उघडलं आणि आत बघून ओरडली, "आई, पप्पा आलेत!" पण कशी? गॅसचा सिलिंडर आल्यावर ओरडतात ना, तशी. त्या दिवशी ठरवलं, काहीही करून लातूरला बदली घ्यायची.

बदली होती रोहितशेठच्या हातात. रोहितशेठ म्हणजे आमचे धाकटे मालक, पुण्याला शिकून आलेले. बोलायला गोड, पण दर महिन्याला एखादी नवी कल्पना घेऊन येतात आणि ती माझ्या डोक्यावर ठेवून जातात. एक दिवस त्यांचा फोन आला.

"सूर्यवंशी, आपल्याला डिझाइन थिंकिंग करायचंय. संपूर्ण कंपनीसाठी."

"करू की सर. अर्ध्या किलोच्या पिशवीचं का एक किलोच्या?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. लोकांच्या अडचणी लोकांच्याच तोंडून ऐकायच्या. सगळ्यांनी मिळून उपाय शोधायचा. त्याचा तिथल्या तिथं नमुना बनवून बघायचा. लहान-मोठा कोणी नाही. पुण्याहून केतकी मॅडम येणार, त्या शिकवणार.

"लोक मोकळेपणी बोलले पाहिजेत, सूर्यवंशी. एवढा कार्यक्रम बसवा, मग तुमच्या बदलीचं मी त्याच दिवशी बघतो."

त्याच दिवशी! माझ्या डोळ्यांसमोर लगेच घरचा वरण-भात आला.

मी डेपोत रंगीत तालीम घेतली. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या, म्हणालो, लिहा. लिहिल्या. उघडून बघतो तर प्रत्येकानं आपलं नाव आणि मोबाइल नंबर लिहून, चार घड्या घालून दिलेला! आपल्याकडे चिठ्ठी म्हटलं की लकी ड्रॉ, दुसरं काही कुणाच्या डोक्यात येतच नाही. वर एकजण विचारतो, "साहेब, मिक्सर हाय का कुकर?"

पुन्हा समजावलं. कंपनीत काय अडचण आहे ते लिहा. पुन्हा चिठ्ठ्या आल्या. "मालक देवमाणूस आहेत." "काही अडचण नाही. कळावे." एकीवर "पंखा" असं लिहून ते खोडलेलं होतं आणि खाली "पंखा चांगला आहे" असं लिहिलेलं होतं.

मी डोक्याला हात लावला. आमचे जुने क्लार्क बालाजी शेजारीच उभे होते. अतिशय सज्जन माणूस, माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला. ते म्हणाले, "साहेब, मालकाच्या म्होरं मालकाचीच उणीदुणी काढायची का? दुसऱ्या दिशी कामावर यायचंय न्हवं आम्हाला."

बरोबरच होतं त्यांचं. पण मला दिसायला लागलं पुढचं. पुण्याच्या मॅडम, कोऱ्या चिठ्ठ्या, रोहितशेठचा पडलेला चेहरा, आणि मी पुन्हा लोह्याच्या स्टँडवर केळी खात बसलोय.

आणि तेव्हा, मंडळी, मला ती कल्पना सुचली.

"बालाजी, एक काम करा. मालकाविरुद्ध कुणी लिहू नका. माझ्याविरुद्ध लिहा!"

"काय बोलून राहिले साहेब तुम्ही!"

"अहो, खोटं खोटं! सूर्यवंशी असे आहेत, सूर्यवंशी तसे आहेत, सुचेल ते लिहा. लोक बोलले असं दिसलं म्हणजे झालं. मी तयारीला आदल्या दिवशी पुढं जातो. तुम्ही बसमध्ये आपल्या सगळ्यांना सांगा आणि लातूरच्या मुकादमाला फोन करून मिलच्या लोकांना सांगायला लावा."

बालाजींनी बराच वेळ चपलेकडं बघितलं. मग "हाव" म्हणाले. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं होतं? मी तर स्वतःवरच बेहद्द खूश होतो.

कार्यक्रम लातूरला एका मंगल कार्यालयात. मांडववाल्यानं सवयीनं स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांवर रोहितशेठ आणि केतकी मॅडम बसले आणि दोघंही अवघडले. गोल टेबलं लावली तर लोकांना वाटलं पंगत आहे, सगळे हात धुऊन बसले. मग सत्कार. सत्काराशिवाय आपल्याकडे माइकसुद्धा चालू होत नाही. शाल, श्रीफळ, फेटा. मॅडमनी सुटायचा प्रयत्न केला, पण आमच्या लोकांनी त्यांना धरून फेटा बांधला. तो फेटा सावरत सावरत त्यांनी दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार कसा करायचा ते शिकवलं.

मग चिठ्ठ्या वाटल्या.

आणि काय सांगू! सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहायला सुरुवात केली. सगळ्यांनी! एक चिठ्ठी भरली म्हणून लोक दुसरी मागत होते. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मागच्या बाजूनं लिवलं तर चालतंय का?" मी मनातल्या मनात बालाजींच्या पाया पडलो. काय काम केलं होतं माणसानं!

मॅडम एकेक चिठ्ठी वाचून फळ्यावर चिकटवू लागल्या.

"सूर्यवंशी साहेब रजा देतात, पण आधी त्यांच्या तरुणपणाची गोष्ट सांगतात."

हॉलमध्ये हशा. मी सगळ्यांत जोरात हसलो.

"रोज सकाळी ग्रुपवर सुविचार टाकतात आणि अंगठा कोणी दाखवला नाही ते दुपारी येऊन विचारतात."

"वाढदिवसाला साहेबांचं भाषण संपेपर्यंत मेणबत्ती विझते."

"डाळीच्या भुकटीनं हजेरीच्या मशीनला बोट लागत नाही, सांगितलं तर साहेब स्वच्छतेवर बोलतात."

मी टाळ्या वाजवत होतो! मनात म्हणत होतो, काय डोकं लावलंय लोकांनी! किती बारकावे! अगदी खरं वाटतंय! एकदा तर मी माइक घेऊन म्हणालो, "वा, वा, येऊ द्या अजून!" आणि लोकांनी आणखी चिठ्ठ्या मागितल्या.

मग एक चिठ्ठी आली. "साहेब शनिवारी लातूरला गेले की डेपोत बरं वाटतं." हसलो मी, पण आत कुठंतरी टोचलं. खोटं खोटं झालं म्हणून काय झालं, इतकं लिहायचं का?

त्यानंतर लातूरवाल्यांच्या निघाल्या. "साहेब शनिवारी गाडीतून उतरून आधी मिलमध्ये येतात. घरी बायको-पोरगी असताना इथं काय काम?" आणि दुसरी: "सूर्यवंशी साहेब कायमचे लातूरला येणार असं ऐकलं. कृपया थांबवावे."

रोहितशेठचे डोळे चमकत होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सूर्यवंशी, लोक बोलले! तुम्ही करून दाखवलं!" मी मनात सामान बांधायला घेतलं.

पुढची पायरी म्हणजे समस्या ठरवणं. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "सूर्यवंशी साहेबांचं काय करावं?" मी त्यालाही टाळ्या वाजवल्या. काय म्हणावं माझ्यासारख्या माणसाला!

मग उपाय. नांदेडच्या टेबलाचं एकच म्हणणं, साहेबांना लातूरला पाठवा. मला गहिवरून आलं. लातूरच्या टेबलाचं म्हणणं, साहेबांना नांदेडलाच ठेवा. आणि दोन्ही टेबलांची जुंपली.

"इतके दिवस आम्ही सांभाळलं, आता तुम्ही सांभाळा की!"

"तुम्हाला सवय झाली हाय न्हवं! मंग? आम्हाला न्हाई व्हायची."

"शनिवारचा एक दिवस येतेत तुमच्याकडं, तर बोंबलून राहिले!"

"तो एक दिवसच लई होतो, म्हणून तर बोललो!"

हे मात्र मला जरा जास्तच रंगल्यासारखं वाटलं. बालाजींकडं बघितलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते.

शेवटी नमुना. थर्माकोलच्या पाटीवर नकाशा आखला. एका टोकाला नांदेड, एका टोकाला लातूर. मातीचा एक पुतळा केला, पोट मोठं, तोंड उघडं. तो मी. नांदेडवाले पुतळा लातूरकडं सरकवायचे, लातूरवाले परत ढकलायचे. एकदा माझी मान पडली, ती थुंकी लावून चिकटवली.

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही गटांची गरज भागेल असा तिसरा मार्ग शोधा!"

कुणीतरी पुतळा उचलला आणि नकाशाच्या पार खालच्या कोपऱ्यात ठेवला. "देवणी!"

रोहितशेठ ताडकन उठले. "अरे हो! देवणीचं आपलं तूर खरेदीचं केंद्र! तिथं कधीपासून माणूस मिळत नाही!"

"तिथं कोण कोण असतं?" मॅडमनी विचारलं.

"एक वॉचमन. आणि त्याला कमी ऐकू येतं."

"मग काहीच अडचण नाही!" नांदेड आणि लातूर एका आवाजात ओरडले. शिट्ट्या वाजल्या. मघाशी भांडणारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. रोहितशेठनी शब्द पाळला, बदली त्याच दिवशी, तिथल्या तिथं, माइकवरून जाहीर केली.

तेवढ्यात बायकोचा फोन. "काय हो, झाली का बदली?"

"झाली."

"लातूर?"

"लातूर जिल्हा."

फोन ठेवला. आता लाज धरून चालणार नव्हतं. मी थेट स्टेजवर गेलो आणि रोहितशेठना म्हणालो, "सर, थांबा. त्या चिठ्ठ्या खऱ्या नाहीत. लोक लिहीत नव्हते म्हणून मीच सांगितलं होतं, माझ्याविरुद्ध लिहा. सगळं ठरवून केलेलं आहे."

रोहितशेठचा चेहरा उतरला. मॅडमच्या हातातला मार्कर तसाच राहिला. "सगळं ठरवून?"

"हो सर. पाहिजे तर बालाजींना विचारा."

बालाजींना जेवणाच्या रांगेतून बोलावून आणलं. हातात ताट, ताटात गुलाबजाम.

"बालाजी, मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही, सगळ्यांना सांगा, माझ्याविरुद्ध लिहा म्हणून?"

"हाव साहेब. सांगितलं होतं."

"बघा सर!" मी ओरडलो. माझ्या जिवात जीव आला.

"पण मी कोणालाच बोललो न्हाई."

"काय?"

"जीभच रेटली न्हाई साहेब. इतक्या वर्षांचं आपलं. तुमच्याविरुद्ध लिवा असं कोन्या तोंडानं सांगू? बसमध्ये सांगायला उठलो आन तसाच खाली बसलो. लातूरला फोन बी न्हाई केला."

"मग या चिठ्ठ्या?"

"त्या लोकायनं आपल्या मनानं लिवल्या."

मॅडमनी फेटा नीट केला आणि हळूच म्हणाल्या, "इतका निखळ प्रतिसाद मी आजवर कुठल्याच कंपनीत पाहिला नाही." रोहितशेठनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी तो मातीचा पुतळा उचलून खिशात घातला, आणखी काय करणार? स्टेजवरून उतरताना वाटलं, रडावं. पण समोर सगळे जेवत होते.

बालाजी माझ्यामागे जिन्यापर्यंत आले. आपल्या ताटातला गुलाबजाम त्यांनी माझ्या हातावर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"साहेब, मनाला लावून घेऊ नका. देवणीला तुम्ही एकटे न्हाई जाणार. डेपोचे, मिलचे, समदे तुम्हाला सोडायला यायचं म्हणून राहिले. आत्ताच बसबी ठरवली."

म्हटलं, "बालाजी, निदान मला सोडायला चला, एवढं तरी तुम्ही त्यांना सांगितलंत."

"न्हाई साहेब," बालाजी म्हणाले, "ह्ये बी मी कोणाला सांगितलं न्हाई."