मान न हलवण्याचा रिवाज

माझे भाऊजी प्रद्युम्न राजवाडे जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या एका केमिकल कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत, आणि घरीही ते सुरक्षा अधिकारीच असतात. त्यांच्याकडे जिना चढताना कठडा धरावाच लागतो. कुकरची शिट्टी ते स्वतः तपासतात. माझी बहीण मालविका या सगळ्याला कावली आहे, मीही कावते. पण एवढा जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, हेही सांगून टाकते.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा तलवारीसमोर उभा राहिला, आणि तोही बापाच्या आशीर्वादानं.

त्या मुलाला, देवला, नेकार नदीकाठच्या जुन्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. खोल्यांची मारामार, म्हणून तो टेकडीवरच्या एका फेरबिंडुंगच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जुन्या संघाच्या घरात राहायला गेला. भाऊजी ते घर बघून हरखून आले. ओकचा जिना, छातीवर रंगीत पट्टे लावलेल्या माजी सदस्यांच्या तसबिरी, पिढ्यान्‌पिढ्या त्याच टेबलाशी म्हटली जाणारी गाणी. तसबिरींतल्या बऱ्याच जणांच्या गालांवर व्रण होते. मालविकानं त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, युद्धात लागलं असेल. तिथे तलवारबाजी शिकवतात हे कळल्यावर तर ते खूशच झाले. लहानपणी पुण्यात ते दांडपट्टा खेळलेले, मिरवणुकीत टाळ्या घेतलेले.

"आपली तालीमच की ही," ते देवला म्हणाले. "घेतलंयस ना, मग पूर्ण कर."

खरा प्रकार एका रविवारी जेवताना देवनंच सांगितला, नेहमीसारखा जर्मनमध्ये, पोळी तोडत. संघात राहायचं तर दुसऱ्या संघाच्या मुलासमोर धारदार तलवार घेऊन उभं राहायचं. डोळे आणि गळा झाकलेला, गाल आणि डोकं उघडं. हारजीत नाही. फक्त वार येताना मान हलवायची नाही. मालविका ताटावरून उठून गेली. मी भाऊजींवर तोंड सोडलं. त्यांनी देवला ते घर सोडायला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला की पूर्ण कर असं तूच म्हणालास.

बायकांना तिथे येऊ देत नाहीत. पाहुणा म्हणून भाऊजी एकटे गेले.

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलं. सकाळची वेळ होती. दालनात स्पिरिटचा वास होता आणि डॉक्टर हातमोजे घालून आधीच बसलेला. मुलं फार अदबीनं वागत होती. मला त्या अदबीचीच जास्त भीती वाटते. पाहुण्यांनी आवाज करायचा नाही, असं बजावून झालं आणि तलवारी सुरू झाल्या. देवच्या समोरच्या मुलाचं डोकं फुटलं, रक्त कानावरून ओघळलं, पण तो जागचा हलला नाही. आणि कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मग त्याचं पातं देवच्या दिशेनं आलं.

"देव, खाली वाक!" भाऊजी ओरडले.

देव वाकला. पातं वरून गेलं, अंगावर ओरखडाही नाही. भाऊजींना वाटलं, सुटलो.

सामना थांबला. कुणी रागावलं नाही. एका जुन्या सदस्यानं भाऊजींना कॉफी आणून दिली आणि समजावलं: ज्याची मान हलते त्याला पुन्हा उभं राहून डाग धुवावा लागतो, नाहीतर संघ सोडावा लागतो. रिवाज फार जुना आहे. देवनं होकार दिलेलाच आहे. पुढच्या वेळी समोरचा मुलगा जास्त कसलेला असेल.

बाहेर गाडीजवळ भाऊजींनी मुलासमोर हात जोडले, सोड म्हणाले, माझं चुकलं म्हणाले. देव त्यांच्याशी कितीतरी दिवसांनी मराठीत बोलला.

"बाबा, पुढच्या वेळी तू येऊ नकोस. तू हाक मारलीस की मी ऐकतोच."

तो सामना उद्या सकाळी आहे. भाऊजी घरीच थांबणार आहेत.