चहाचं बटण

त्रेचाळिसाव्या वर्षी मी कोटलिन, ही अ‍ॅप लिहायची भाषा, शिकायला घेतली, नोकरीसाठी नव्हे. अर्धांगवायूने आबांची, माझ्या वडिलांची, वाचा गेली होती. जळगावच्या शाळेतून रजा काढून मी धुळ्याला आले आणि व्हिडिओ बघत त्यांच्यासाठी अ‍ॅप करायला बसले. बटण दाबलं की फोनने आबांच्या वतीने बोलायचं, एवढंच.

पहिल्याच धड्यात कळलं, 'व्हॅल' म्हणून ठेवलेली गोष्ट पुढे बदलत नाही. बदलायची असेल तर 'व्हार'. आबांची सगळी वाक्यं मी 'व्हॅल'मध्ये टाकली. आजारी माणसाचं मागणं कशाला बदलतंय? पाणी, औषध, चहा, लघवी. मीच ठरवलं, माझ्याच आवाजात, आमच्या अहिराणीत भरलं. एखादा कंस राहिला की स्क्रीन लाल व्हायची आणि मी चिडायचे. पंधरा दिवसांनी फोन बोलला, "माले पानी दे." आबा हसले. मला आकाश ठेंगणं झालं.

एके दुपारी आबांचे जुने शेजारी, नाना, भेटायला आले. आबांनी बटण दाबलं. "माले चहा दे." मी चहा करून आबांपुढे ठेवला. त्यांनी कप सरकवला, पुन्हा तेच बटण दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर मी नानांदेखत खेकसले, "समोर ते शे चहा, आबा! कितला येळ मांगतस?"

आबांनी हात मांडीवर ठेवला. नाना जरा वेळ बसले आणि निघाले.

कप विसळताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या दारातून कुणी चहाशिवाय गेलेलं आबांना कधी खपलं नव्हतं. ते स्वतःसाठी मागतच नव्हते. मी त्यांना नुसती मागायची वाक्यं दिली होती, दुसऱ्याला विचारायचं एकही नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत नवं बटण तयार केलं: "बस, चहा पिसन जा." आबांना झोप लागली होती, म्हटलं, उद्या दाखवू. सकाळी ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी नाना दारावर, सांत्वनाला, आले. सुतकात आमच्याकडे आलेल्याला चहा विचारत नाहीत. ते उठले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, त्या दिवशी आबा चहा तुमच्यासाठी मागत होते."

"तवयच समजनं व्हतं माले, माय," नाना म्हणाले.

त्यांनी चपला घातल्या, आणि आबांच्या दारातून ते दुसऱ्यांदा चहाशिवाय गेले.