अर्ज कुणी करायचा

लेकीचं युनिव्हर्सिटीत रेफेराट होतं, म्हणजे वर्गापुढचं भाषण, शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या काळातल्या जपानमधल्या माफीवर. मी जर्मनीत एर्लांगेनला इंजिनियर, आणि मुलगी जपानचा इतिहास शिकते हे पुण्यात अजून कुणाला धड पटवता आलेलं नाही. वेळ मोजायला तिने मला स्वयंपाकघरात बसवलं. पंधरा मिनिटं झाली की हात वर करायचा. असली कामं मला आवडतात. दुसऱ्यांना नियम पाळायला लावणं हा माझा जुना आजार आहे.

ती जर्मनमध्ये बोलत होती. आधीच्या शोगुनच्या पुण्यतिथीचे मोठे विधी असले की त्या निमित्ताने शिक्षा माफ व्हायच्या, बेटांवर हद्दपार केलेल्यांच्यासुद्धा. पण आपोआप नाही. नातेवाइकांनी शोगुन घराण्याच्या मंदिरात जाऊन अर्ज करायचा, मग मंदिर नावांची यादी सरकारकडे देणार. ज्याच्यासाठी मागायला कुणी गेलंच नाही, त्याचं नाव यादीत यायचं कसं?

माझं घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही.

माझा धाकटा भाऊ इंजिनियरिंगला नापास झाला, पण घरी पास झालो म्हणाला. भाड्याचा गाऊन घालून फोटो काढला, बाबांनी सोसायटीभर पेढे वाटले. खरं काय ते मी शोधून काढलं आणि इथून फोन करून बाबांना सांगितलं. त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. पुढे आमची वास्तुशांत, मग आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी, दर वेळी आई फोनवर हळूच विचारायची, "त्याला बोलवायचं का रे?" माझं उत्तर ठरलेलं, "आधी त्याने माफी मागू दे." बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे होतं. त्याला मी कळवलं नाही. आता पुढच्या महिन्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. कालच तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच बोललो.

"सतरा मिनिटं झाली," मी लेकीला म्हणालो.

"उंड फ्यूर काका?" ती म्हणाली. "वेअर हाट गेफ्राग्ट?" काकासाठी कुणी मागितलं?

ती मराठी बोलत नाही, पण तिला सगळं कळतं. म्हणजे इतकी वर्षं माझे फोनही कळत होते. मला तिच्याकडे बघवेना. इतकी लाज मला ऑफिसात, चारचौघांत बोलणी खातानाही वाटली नव्हती.

तिच्यासमोरच भावाला फोन लावला. हडपसरला त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. "आईच्या कार्यक्रमाला ये," मी म्हणालो, आणि वर मोठेपणाने, "झालं गेलं विसरू या. बाबा असते तर त्यांनीही आता माफ केलं असतं."

तो म्हणाला,

"दादा, शेवटची दोन वर्षं बाबा दर गुरुवारी दुकानात येऊन बसायचे. चहा घ्यायचे, गिऱ्हाइकांना सांगायचे, हा माझा मुलगा. फक्त तुला सांगू नकोस म्हणायचे."

"का?"

"तू चिडशील म्हणून." मग घाईघाईने म्हणाला, "आत्ता चिडला नाहीस ना?"