लाली लावायचं वय

मारेगावजवळच्या एका तांड्यात मानीबाई राठोड राहते. तिची मुलगी ममता मी शिकवायचे त्या वर्गात होती, तेव्हापासूनची आमची ओळख. घरात बंजाऱ्यांची गोरबोली चालते. पण माझ्याशी मानीबाई वऱ्हाडीत बोलते. तिनं सांगितलं तसंच लिहिते आहे.

साल दोन हजार सहा असेल. कापसानं सगळ्यांचा धीर खचवला होता आणि तांड्यात मात्र लग्नं भराभर जमत होती. पुढचं साल कसं उगवेल कोणालाच ठाऊक नव्हतं. तोवर पोरींचं उरकून टाकलेलं बरं, असं घरोघरी चाललं होतं.

ममता नववीत होती, चौदा वर्षांची. एक दिवस मानीबाईला तिच्या दप्तरात लिपस्टिक सापडली. मैत्रिणीनं दिलेली, अर्धीअधिक संपलेली, गडद गुलाबी.

"हे कायले आनलं?"

"लावाले. सगळ्या पोरी लावतात, याडी." आईला ती याडी म्हणते.

"दहावी झाली की लावजो."

"काहून? दहावीत ओठ बदलतात का?"

दहावी मानीबाईनं उगाच तोंडाला आली म्हणून सांगितली होती. ती स्वतः चौथीत शाळा सोडलेली.

म्हातारी सासू, रुपीबाई, दारात बसून ऐकत होती. तिच्या हनुवटीवर, गालावर, दोन्ही हातांवर हिरवं गोंदण. ती म्हणाली, "लावू दे ना वो. मले गोंदलं तवा मी सात वर्साची होती. दोघी-तिघींनी दाबून धरलं. कोनी पुसलं नाई तुले पायजे का म्हनून. हिची त लाली हाय, धुतली का गेली."

तरी मानीबाईनं ती लिपस्टिक वरच्या फळीवर डब्यामागे ठेवून दिली. ममता दोन दिवस फुगून बसली. खरं कारण मानीबाईला माहीत होतं, पण पोरीला सांगता येत नव्हतं. ममता उंच होती. ओठ रंगवले की ती मोठी दिसली असती, आणि त्या दिवसांत मोठी दिसणारी पोर लोकांच्या नजरेत भरायला वेळ लागत नव्हता.

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू असताना नवरा उत्तमसिंग एक बातमी घेऊन आला. केळापूरकडच्या तांड्यातून पाहुणे येणार होते. मुलगा जीवन, राजूरला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. वागायला चांगला, निर्व्यसनी. उत्तमसिंगच्या थोरल्या भावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलंच होतं. ममताचंही जमलं तर एकाच मांडवात दोघींचं होऊन जाईल, असा त्याचा हिशेब.

मानीबाई म्हणाली, "लहान हाय ते."

"पाहून त जाऊ दे. पाह्यलं म्हनजे लगन झालं का?"

ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचं तिला अजून वाईट वाटतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी थोरली जाऊ हंसाबाई पावडर, काजळ, लिपस्टिक, सगळं घेऊन आली. "अंबाडा घाल तिले. लाली जरा गडद लाव. अठराची दिसली पायजे," असं सांगून ती चुलीकडे गेली.

ममताला फक्त पाहुणे येणार एवढंच सांगितलं होतं. आईच्या हातात लिपस्टिक पाहून तिचा विश्वासच बसेना. ती समोर येऊन मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि चेहरा वर केला. मानीबाईनं वरचा ओठ रंगवला. ममता डोळे न उघडताच हसली.

"हसतं कायले?"

"तू लावाले हाव म्हटलं ना."

मानीबाईचा हात थांबला. तिला स्वतःच्या लग्नाचा दिवस आठवला. पंधरावं सरलं नव्हतं. मावश्यांनी चेहरा सजवला आणि आरसा दिला, तर आत कोणी दुसरीच बाई. त्या बाईला पाहून ती रडली होती आणि सगळ्या म्हणाल्या होत्या, माहेर सुटते म्हणून रडते.

तिनं पोरीला डोळे उघडायला लावले. "ऐक. पाहुने तुले पाहाले येऊन राह्यले. तू मोठी दिसावं म्हनून हे लावून राह्यली मी."

ममताचं हसू गेलं. "मंग माहं लगन होनार?"

"नाई."

"मंग पूस याडी, आधी पूस."

मानीबाईनं खोबरेल तेलाचं बोट लावून पदरानं ओठ पुसला. दोन वेण्या घातल्या, शाळेचा ड्रेस दिला आणि चहाचा ट्रे स्वतःच बाहेर नेला. ममता मागोमाग आली आणि आजीला चिकटून बसली.

मुलाच्या आईनं तिच्याकडे पाहिलं. "केवढी हाय पोरगी?"

"अठरावं लागलं," उत्तमसिंग म्हणाला.

"चौदा," मानीबाई म्हणाली. "नववीत हाय. तुमचा पोरगा चांगला हाय, त्याले नाव नाई ठेवत मी. पन आमची पोरगी अजून लहान हाय."

जीवननं मान खाली घातली होती. मग तोच उठला आणि बापाला म्हणाला, "चाला, बा." चहा तेवढा पिऊन ते गेले, जेवायला थांबले नाहीत. हंसाबाई जाताना दारातून म्हणाली, "इज्जत घालवली घराची."

उत्तमसिंग आठवडाभर मानीबाईशी बोलला नाही. मग एका दुपारी, शेतात कापूस पिशवीत दाबता दाबता, वर न पाहता म्हणाला, "मले भेव वाटते. पुढच्या साली काय राह्यते, काय नाई."

"भेव तुमाले वाटते," ती म्हणाली, "अन् मोठं तिनं व्हावं का?"

त्यानं पुन्हा पाहुणे आणले नाहीत.

पुढे उन्हाळ्यात पुतणीचं लग्न लागलं. ममतानं विचारलं, "आता लावू का?" भीती मानीबाईलाही होतीच. लोक येतील, वय विचारतील. पण ते लोकांना सांगायचं काम आपलं, त्यासाठी पोरीनं आपली हौस का मारावी, असं तिला वाटलं. तिनं लिपस्टिक काढून दिली. ममतानं स्वतःच लावली, ओठांच्या बाहेर गेली. नाचून, जेवून तासाभरात सगळी पुसली गेली. दोन बायांनी वय विचारलं. मानीबाईनं दोघींनाही सांगितलं, "दहावीत जाईन पोरगी आता."

ममता दहावी झाली, बारावी झाली, यवतमाळला नर्सिंगला गेली. तेविसाव्या वर्षी तिनं होकार दिला तेव्हा लग्न झालं.

मधल्या काळात तांड्यातल्या बाया मानीबाईला विचारू लागल्या, पोरीला लाली कधीपासून लावू द्यावी. ती वय सांगत नसे. "पोरीले हौस असन त लावू द्या. पाहुने येनार असले त नाई म्हना." एकदा हंसाबाईच आली, आपल्या धाकट्या मुलीसाठी विचारायला. दोघी जावा ओट्यावर बसून बराच वेळ बोलत होत्या.