सेल्फच्या वायरीची जाडी

…खळं चोपायचं काम अर्धं झालं होतं. पहाटे पाणी भरलं, गोठा झाडला, आणि जमीन बडवायचं लाकडी चोपणं घेऊन बसले. पाऊस सरला की आमच्याकडे बायकांचं हे काम ठरलेलं… हात आपोआप चालतात, डोक्याला काही लागत नाही. त्या दिवसांत मला तेच हवं होतं.

तेवढ्यात मोटारी दुरुस्त करणारे दाऊदमिस्त्री कुंपणाचं बेडं सारून अंगणात आले. खांद्यावर केबलची दोन वेटोळी.

आमच्या ह्यांची मोटार होती. रत्नागिरीहून लांज्यापर्यंत उतारू न्यायची. श्रावणात एका सकाळी सेल्फचं बटण दाबून मोटार सुरू होईना म्हणून ह्यांनी पुढून हँडल मारलं, ते उलटं फिरलं. मनगट मोडलं, हाड बाहेर आलं, जखमेतून धनुर्वात झाला… नवव्या दिवशी हे गेले.

भावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, तेव्हापासून एकच बोलत. ‘मिस्त्रीनं सेल्फ धड केला असता तर दादाला हँडल मारावं लागलं नसतं.’ हळूहळू गावही तेच बोलू लागलं. मिस्त्रींकडे मोटारी येईनाशा झाल्या. मीही तेच मानत होते… खोटं कशाला लिहू?

आता मोटार भावोजी चालवणार होते. माझी एकच अट होती. आधी सेल्फ. हँडलला ह्या घरातल्या कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या एकाला दाखवून झालं, त्याला जमेना, म्हणून शेवटी मिस्त्रींनाच निरोप धाडला. भावोजी तर त्या दिवशी घरात थांबलेच नाहीत.

मिस्त्रींनी दोन्ही केबली माझ्यापुढे टाकल्या. एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी.

“वहिनी, पसंत करा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“लुगडं घेताना कळतं ना? तसा हात लावून बघा.”

मी विचारलं, वीज तर डोळ्यांना दिसत नाही, मग तिला जाड वायर कशाला? मिस्त्री हसले. म्हणाले, “दिव्याचं काय, चूळभर पाणी मिळालं तरी भागतं. सेल्फ म्हणजे रेडा. एका दमात पाण्याची अख्खी दोण रिकामी करणार. त्याला पपईच्या देठातून पाणी पाजलंत तर तो उठेल काय?”

मलाही हसू आलं. किती तरी दिवसांनी.

मग त्यांनी वाकून मोटारीतली सेल्फची वायर सोडवली आणि बाजूला ठेवली. शिसपेन्सिलीहूनही बारीक. काळं कापड, त्यावर पिवळा धागा… मी ओळखली. ते पार्सल मीच सोडलं होतं.

अक्षरं मी लग्नानंतर शिकले, पुड्यांच्या कागदांवरून, माझी मीच. वैशाखात सेल्फची जुनी केबल उंदरांनी कुरतडली, तेव्हा हे म्हणाले, ‘मुंबईच्या दुकानाला तूच लिही.’ माझं पहिलं पत्र. लांबी मी सुतळीने तीनदा मोजली. जाडीही लिहावी लागते हे ठाऊक नव्हतं. आमच्या घरात विजेचे दिवे नव्हते, वायर पाहिलेली ती मोटारीच्या दिव्यांची. मी लिहिलं, ‘दिव्यास असते तशी, उत्तम प्रतीची.’

पार्सल आगबोटीने आलं तेव्हा ह्यांनी ते चौघांना दाखवलं होतं. ‘हिने मागवलंय,’ म्हणाले.

“मिस्त्री… ही बारीक आहे हे ह्यांना माहीत होतं?”

मिस्त्रींनी पान्हा पुसून खाली ठेवला.

“बसवली त्याच दिवशी कळलं. चटका बसेल इतकी तापली. मी म्हटलं, कोल्हापूरहून दुसरी मागवू. तर मला म्हणाला, ‘पार्सल घरी येईल, तिला कळेल. पहिलंच पत्र आहे रे तिचं. गणपती होऊ देत, मुंबईला गेलो की गुपचूप घेऊन येतो. तोवर हँडल आहे की.’”

“आणि तुम्ही? गाव तुम्हाला बोलत होतं.”

“त्याला शब्द दिला होता.”

“मग आज मोडलात तो?”

“आज तुम्ही विचारलंत. तुमच्याशी खोटं कसं बोलू, वहिनी?”

मी अंगठ्याएवढी केबल उचलून त्यांच्या हातात दिली. तासाभरात ती बसली. मिस्त्रींनी मलाच बसायला लावलं आणि पायाखालचं बटण दाबायला सांगितलं. मोटार पहिल्या दाबाला सुरू झाली… मी तशीच बसून राहिले. एवढंच तर करायचं होतं. एवढंच.

ह्यांनी मला आयुष्यभर जपलं, आणि त्याबद्दल मी रोज हात जोडते. पण एवढं जपायला नको होतं. ‘अगं, चुकलीस तू,’ म्हणायला हवं होतं. मी दोन दिवस रुसले असते… मग दुसरं पत्र लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावोजींना ओटीवर बोलावलं आणि सांगितलं की ती वायर मी मागवली होती.