गालाच्या आतून सांधलेला जबडा

प्रिय ओवी आणि नील,

"आजी, तुमच्या कानाला काहीही झालेलं नाही. जबड्याचा सांधा मोडलाय," पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या उजव्या कानात लसणीचं तेल आणि वर कापसाचा बोळा होता.

फोनवर तुम्हाला 'आजी जरा पडली' एवढंच कळवलं होतं. आता मी ठणठणीत आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. उद्या कुणी तुमच्यासमोर असं पडलं, तर उपयोग होईल.

चिंचणीच्या वाडीत पाण्याच्या नळीत पाय अडकला आणि माझी हनुवटी दगडी बांधावर आपटली. बोईसरला टाके घातले. उजव्या कानापुढे ठणकत होतं, पण लागलंय हनुवटीला आणि दुखतोय कान, याचा मेळ मला बसेना. मोठ्या जाऊबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं, मीही ते मुकाट घालून घेतलं.

ओठ सुजल्यामुळे मी पेजेवर होते. पेजेला दात लागत नाहीत, त्यामुळे खरी मोडतोड लपून राहिली. सूज उतरल्यावर भाकरी घेतली, तर उजव्या दाढा टेकल्या आणि डावीकडे फट राहिली. आरशासमोर तोंड उघडलं. हनुवटी उजवीकडे सरकत होती आणि दातांमध्ये एक बोट जेमतेम मावत होतं. तशीच पालघरला गेले.

सीटी स्कॅनमध्ये 'कंडाइल' मोडलेलं दिसलं. कंडाइल म्हणजे खालच्या जबड्याचं गोल टोक. कानाच्या पुढ्यात, खोबणीत ते फिरतं, म्हणून आपलं तोंड उघडतं. हनुवटीवर बसलेला मार थेट तिथे पोचतो.

"काही जणांचं हाड दातांना नुसते रबर लावून जुळतं," बाई म्हणाल्या. "तुमचं टोक फार सरकलंय. ते जागेवर बसवलं नाही, तर तोंड पुरतं उघडेलच असं नाही."

कानापाशी बाहेरून चीर दिली, तर तिथून जाणाऱ्या 'फेशियल नर्व्ह'ला, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या नसेला, धक्का लागू शकतो. त्यामुळे त्या 'एंडोस्कोप' वापरणार होत्या. ही टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी. गालाच्या आतून छोटी चीर द्यायची, पडद्यावर बघत हाड जुळवायचं आणि टायटॅनियमची पट्टी स्क्रूने बसवायची.

"पण आतून जमलं नाही, तर बाहेरून उघडावं लागेल. त्याचीही परवानगी हवी."

मी सही केली. वाकड्या चेहऱ्याने आणि अर्ध्या उघडलेल्या तोंडाने पुढची वर्षं काढायची, या विचाराने मला आतून हलवलं होतं.

भूल उतरताच पहिलं बोट कानापुढे नेलं. कातडी सलग होती. बँडेज नाही, टाका नाही!

मग चेहऱ्याची नस तपासायला एक तरुण डॉक्टर आले. "आजी, भुवया उचला. डोळे घट्ट मिटा. छान. आता शिट्टी वाजवा."

मी ओठांचा चंबू केला. नुसती हवा गेली. पुन्हा केला. पुन्हा हवा. त्यांचा चेहरा उतरला. ते बाईंना बोलवायला वळणार, तोच खुर्चीतून जाऊबाई कडाडल्या, "अवो डॉक्टर, तिला शिट्टी येतेच कुठं? आमच्या घरात बाईनं शिट्टी मारली असती तर सासूनं घरात नसतं घेतलं! तुमी दुसरं कायतरी सांगा तिला."

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "बरं, गाल फुगवा. आता हसा."

हसायला सांगायची गरजच नव्हती. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या गेल्या.

"चेहरा सरळ हाय," जाऊबाईंनी निकाल दिला. "सभाव तेवढा सरळ व्हायचा राहिला."

पुढचे दिवस कंटाळवाणे होते. दात योग्य जागी मिटावेत म्हणून बारीक रबर, मिक्सरमधून काढलेली खिचडी, आणि तोंड उघडण्याचे व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या दातांमध्ये ठेवायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. दुखायचं. डोळ्यांत पाणी यायचं. बाईंनी बजावलं होतं, "माझं काम झालं, आता निम्मं काम तुमचं." ते मी एकदाही चुकवलं नाही.

म्हणून सांगते. हनुवटीवर पडलेल्या माणसाची नुसती जखम बघू नका. दात नेहमीसारखे मिटतात का, तोंड सरळ उघडतं का, तेवढं बघा आणि जबड्याच्या डॉक्टरांकडे लवकर न्या. त्या बाईंचे हात मी जन्मभर विसरणार नाही.

गेल्या तपासणीला त्यांनी माझीच तीन बोटं एकावर एक दातांमध्ये घालायला लावली. तिन्ही गेली. "जिंकलात आजी," त्या म्हणाल्या, "आता काय हवं ते खा."

बाहेर गाडीवर पेरू होते. पेरूवाली सुरी उचलत होती, मी तिला थांबवलं आणि सगळ्यात मोठा पेरू अख्खा तोंडाला लावला.

"अगं हळू, बिया तरी सोड!" जाऊबाई ओरडल्या.

कचकन तोडला. आवाज दोन्ही कानांत सारखा आला.

तुमची,
आजी