कासवाच्या वाट्याचं ऊन

रिसोडात उन्हाची वानवा कुणालाच नाही. एप्रिल लागला की आई गच्चीवर सगळ्या घराला ऊन दाखवते: तुरीची डाळ, गाद्या, गोधड्या, लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी. एकट्या कासवाला ऊन दाखवायला मी बंदी घातली होती.

ते कासव वडिलांनी शेताच्या बांधावरून आणलं होतं. वडील गेल्यावर आई त्याच्याशीच बोलू लागली. दिवसभर ते अंगणात चरायचं, तुळशीपाशी ऊन खात पडायचं. एकदा शेजाऱ्यानं सहज विचारलं, "गुरुजी, हे पाळनं गुन्हा हाय म्हन्तात ना?" मी शाळेत विज्ञान शिकवतो, नोकरी सरकारी. नोकरीच जाईल असं वाटलं. ते वनखात्याकडे सोपवायचं म्हटलं तर आईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मग मी मधला मार्ग काढला. भित्र्या माणसाचा मार्ग बहुतेक मधलाच असतो. कासव आतल्या खोलीत, काचेच्या पेटीत गेलं.

काही महिन्यांत त्याची पाठ मऊ पडली. बोट टेकवलं की दबायची. गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "मी ढोरांचा डॉक्टर, पण इतकं मला कळतं. याला उन्हातले अतिनील किरण पाहिजेत. रोज अंगणात सोडा, नाहीतर ते किरण देणारा दिवा लावा." अंगण चार पावलांवर होतं. मी दिवा मागवला.

दिवा आला तेव्हा मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. आई सकाळी आधी देवाजवळ दिवा लावायची, मग कासवाजवळचा. मांजर आत उतरेल म्हणून पेटीला वरून झाकण हवं होतं. मी काचवाल्याकडून मापानं काच कापून आणली, पेटीवर बसवली आणि दिवा तिच्या वर टांगला. वर्षभर तो रोज जळला. कासव मान काढून खाली बसायचं आणि मी ते बघून निश्चिंत शाळेत जायचो.

मागच्या महिन्यात त्याचे मागचे पाय उचलेनात. डॉक्टर या खेपेला घरी आले. त्यांनी पेटीवरच्या काचेवर टकटक केलं.

"ही कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सर, तुम्ही त्याला नुसता उजेड दिला. हे किरण या काचेतून खाली उतरत नाहीत."

आईला ते पटेना. "बरनीतलं लोनचं काचेतूनच मुरते ना? मंग याले काहून नाही पोचलं?"

लोणच्याला ऊब पुरते, कासवाला पुरत नाही, एवढंच सांगायचं होतं. अतिनील किरण मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. आईला ते सांगायचं सोडून मी कपाटातून दिव्याचं खोकं काढलं. त्यावरही बारीक अक्षरांत छापलं होतं की मध्ये काच नको. ते खोकं मी जपून ठेवलं होतं, वॉरंटीसाठी. वाचलं नव्हतं.

"आता ऊन दिलं तर?" मी विचारलं.

"हाडं वाकली आहेत. आता सरळ होणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "फार दिवस काढेल असं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला न विचारता काच उचलली, कासवाला पदरात घेतलं आणि तुळशीपाशी नेऊन ठेवलं. फाटक सताड उघडं होतं. शेजारी तिथूनच गेला, त्यानं थांबून बघितलं, आणि कासव आजारी आहे का म्हणून विचारलं. बाकी काही नाही. मला वाटतं, तो कधीच कुणाला काही बोलला नसता.

कासवानं मान बाहेर काढली. पुढचे पाय रेटले. मागचे मातीत घासत राहिले आणि ते तिथल्या तिथंच राहिलं. आई त्याच्याशेजारी बसली होती.

"चार पावलावर त ऊन होतं," ती म्हणाली. "कायले इतका भेला रे तू?"

मी घड्याळ पाहिलं. शाळेची वेळ झाली होती. मी निघालो.